खंडव्याची गाडी आणि नरनाळ्याचे पाणी

माझी अम्मी खंडव्याची. निकाह होऊन ती छोट्या लाइनच्या गाडीने अकोटला उतरली आणि तिथून बैलगाडीने पूर्णेकाठच्या आमच्या गावी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेने चहा ठेवला, तो फाटला. दूध नासले असेल म्हणून तिने तो ओतून दिला आणि पुन्हा ठेवला. तोही फाटला. ती रडवेली झाली. तेव्हा दादी हसून म्हणाली, "दूध अच्छा है बेटी, पानी खारा है."

हा किस्सा आमच्या घरात अजूनही सांगितला जातो. ज्यांचे आयुष्य खारपाणपट्ट्यात गेले, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे या पट्ट्यात येतात. जमीन काळी, कसदार, कपाशी-तुरीला चांगली. पण विहीर खणली की खारट पाणी लागते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांना मूतखडा आणि मूत्रपिंडाचे आजार होतात. आमच्या घरी दोन माठ असत. एक खाऱ्याचा, वापरायला. दुसरा मीठ्याचा, फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. मीठे पाणी अब्बा बैलगाडीवर टाकीत भरून लांबून आणत. त्या माठाला आम्ही मुलांनी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा दादीचा नियम होता.

आता आमच्या भागात नळाने पाणी येते. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतल्या गावांसाठी 'चौऱ्याऐंशी खेडी' नावाची पाणीपुरवठा योजना आहे. तिचे पाणी वान नदीवरच्या धरणाचे, आणि वान येते मेळघाटच्या जंगलातून. मी अकोटला उर्दू शाळेत मराठी शिकवते. मागच्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गात विचारले, "आपण जे पाणी पितो ते कुठून येते?" एका सुरात उत्तर आले, "नल से, आपा!" नळात कुठून येते? "टाकी से." टाकीत कुठून? वर्ग गप्प झाला. त्या दिवशी ठरवले, की यंदाची सहल नरनाळ्याला न्यायची.

नरनाळा अकोटहून उत्तरेला सुमारे अठरा किलोमीटर. सकाळी फजरनंतर लगेच निघालो. अकोट सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. सातपुडा जवळ येऊ लागतो तशी शेती बदलते. केळी, संत्री आणि मांडवाच्या सावलीत वाढवलेली पानपिंपरी दिसू लागते. पानपिंपरी आमच्या भागाचे जुने पीक. हकीम-वैद्यांच्या औषधांत ती जाते. तिला भरपूर पाणी लागते, आणि तेही गोडे. मुलांना म्हटले, बघा, इथून पुढे जमिनीखालचे पाणी गोड झाले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस पायथ्याशी मुरतो, म्हणून ही हिरवळ. आपले गाव इथून फार दूर नाही, पण तिथे हे पीक जगणार नाही.

पोपटखेडचे धरण ओलांडून शहानूरला पोहोचलो. इथे वनखात्याचे फाटक आहे. नावे लिहिली, फी भरली, सोबत वाटाड्या घेतला. नरनाळा हे १९९७ साली अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे १२.३५ चौरस किलोमीटर, म्हणजे किल्ला आणि त्याच्या भोवतीचे रान. पण हा छोटा तुकडा मोठ्या मेळघाटला जोडलेला आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांमध्ये मेळघाटचे नाव होते. आज मेळघाट व्याघ्र प्रकल्प, गाभा आणि त्याभोवतीचा पट्टा धरून, अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट, वान, अंबाबरवा आणि नरनाळा ही अभयारण्ये त्यातच येतात.

चढावर एका वळणाशी मी मुलांना थांबवले. एका मुलाला सांगितले, बाटलीतले थोडे पाणी या कडक रस्त्यावर ओत. पाणी क्षणात उतारावर पळाले आणि जाताना धूळ घेऊन गेले. मग दुसऱ्याला सांगितले, तेवढेच पाणी कडेला, सागाच्या गळलेल्या पानांवर ओत. पाने भिजली, पाणी आत उतरले, खाली वाहून काहीच आले नाही. मुलगा वाकून बघत राहिला. "आपा, गया किधर?" म्हटले, हेच पाणी पावसाळा संपल्यावर हळूहळू झऱ्यांत येते, झऱ्यांतून नदीत आणि तिथून तुझ्या नळात. झाडे तोडली, पाने जळाली, की रस्त्यावरच्या पाण्यासारखे होते. चार महिने पूर, आठ महिने कोरड, आणि वाहून आलेल्या मातीने धरणाचे पोट भरते.

पुस्तकातला 'जलचक्र' हा धडा मी अनेक वर्षे शिकवलेला पाहिला आहे. तो एका घोटभर पाण्याने समजू शकतो, हे मलाही त्या दिवशीच कळले.

किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहून मुले मोठ्याने वाचू लागली, कारण दगडात कोरलेली अक्षरे त्यांच्या ओळखीची होती. बहामनी सुलतान शहाबुद्दीन महमूद शाह याच्या काळात फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने १४८७ मध्ये हा दरवाजा बांधला. पुढे याच फतहुल्लाहने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. कमळाची फुले, नाजूक जाळ्या, बाजूचे सज्जे आणि वर कुरआनच्या आयती. दगडाचे इतके नाजूक काम आपल्या अकोट तालुक्यात आहे, हे किती घरांना ठाऊक असेल?

पण मला मुलांना दाखवायचे होते ते तलाव. एवढ्या उंचीवर हजारो माणसे, घोडे, हत्ती राहत. ती पाण्यावाचून कशी राहिली असती? बांधणाऱ्यांनी डोंगरमाथ्यावरच पावसाचे पाणी अडवले. गडावर कितीतरी तलाव आणि टाकी आहेत. त्यांतला शक्कर तलाव सर्वांत मोठा. काठावर सांबराच्या खुरांचे ठसे होते. वाटाड्याने अस्वलाने उकरलेली माती दाखवली. सुलतान गेले, फौजा गेल्या, नऊगजी तोफ एकटी पडून आहे, पण त्यांनी अडवलेल्या पाण्यावर जंगलातले जीव आजही येतात.

गडावर एका बुजुर्गांची मजार आहे. लोक त्यांना 'बाघ सवार वली' म्हणतात. ते वाघावर बसून फिरत, अशी कहाणी आहे. हकीकत अल्लाह जाणे. माझ्या लहानपणी आम्ही इथे कुटुंबासह येत असू. अब्बा आणि चाचा रानातून लाकडे गोळा करत, देग चढे, नियाजचा भात होई. जेवण झाले की पत्रावळी तिथेच टाकून आम्ही परतत असू. निखारे विझले की नाही, हे कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही. सागाची पाने उन्हाळ्यात कशी पेटतात, हे ठाऊक असूनही ध्यानात येत नव्हते. ज्यांना वाघाचा सोबती मानायचे, त्यांच्या दारातच वाघाचे घर जाळण्याची तयारी आम्ही नकळत करत होतो. आज अभयारण्यात आग पेटवायला मनाई आहे. घरून डबे आणले होते. जेवणानंतर मुलांनी प्रत्येक कागद, प्रत्येक पिशवी परत गोणीत भरली. गोणी बसच्या टपावर चढली तेव्हा कुठे मी फाटक ओलांडले.

वाघ काही दिसला नाही. मुले थोडी हिरमुसली. वाटाड्याने त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे छोटेसे घुबड १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला दिसलेच नव्हते. ते नामशेष झाले असे मानले गेले होते. १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले, आणि पुढे मेळघाटातही. एकशे तेरा वर्षे जगाने ज्याला मेलेले मानले, ते पाखरू आपल्या शेजारच्या सागवानात आरामात राहत होते. एका मुलीने विचारले, "आपा, उसको मालूम था के वो गुम है?" सगळे हसलो.

आता गाडीबद्दल लिहिते. त्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

अकोला ते खंडवा ही मीटरगेज गाडी आमच्या अनेक घरांची नाळ होती. अकोटची किती तरी मुस्लिम कुटुंबे खंडवा आणि बुऱ्हाणपूरशी सोयरिकीने बांधलेली आहेत. अडगाव, हिवरखेड, वान रोड, मग जंगल, मग धूलघाट. धूलघाटला चढ इतका, की रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच वरून जात. आम्ही मुले खिडकीतून खालचे रूळ बघून ओरडत असू. २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी ही गाडी बंद झाली. अकोला ते अकोट मोठी लाइन झाली, २०२२ मध्ये त्यावर गाडीही धावू लागली. पुढचे काम मात्र जंगलापाशी अडले. जुना मार्ग जवळपास चाळीस किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जात होता.

मधल्या काळात खंडव्याला माझी मोठी खाला वारली. अकोल्याला जाऊन, भुसावळवरून फिरून आम्ही पोहोचलो तेव्हा दफन होऊन गेले होते. अम्मीला बहिणीचा चेहरा दिसला नाही. त्या रात्री मी रागाने म्हणाले होते, "वाघांसाठी माणसांची गाडी बंद!" अकोटच्या बाजारात तेव्हा बहुतेक लोक हेच बोलत होते, आणि ते खोटे दुःख नव्हते.

पण मग मी हा विषय वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले. जुनी गाडी हळू होती, दिवसातून मोजक्या फेऱ्या. मोठी लाइन म्हणजे जड, वेगवान गाड्या, आणि मालगाड्या रात्रंदिवस. धूलघाटचा वळसा तिला चालणार नाही, म्हणजे जंगल नव्याने कापावे लागणार. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघिणीचे तीन बछडे रेल्वेखाली मेले, ते अनेकांना आठवत असेल. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून मेळघाटातून लाइन नेण्यास विरोध केला. जंगलाबाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने वळवलेला मार्ग पुढे आला. तो लांब आहे, पण ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नाही त्यांनाही तो मिळेल. म्हणजे प्रश्न वाघ की माणूस असा नव्हताच. थोडा वळसा घ्यायची आपली तयारी आहे का, एवढाच होता. आणि ज्या वानच्या खोऱ्यातून ती लाइन गेली असती, तेच आमचे पाणी.

हा वळसा आम्हाला महाग पडला, तरी तो वेळेचा आणि पैशाचा होता. याहून मोठी किंमत दुसऱ्यांनी दिली. ते त्या दिवशी वाटाड्याच्या तोंडून ऐकले.

तो कोरकू होता. उतरताना त्याने उत्तरेकडच्या डोंगराकडे हात केला. "मॅडम, आमचं गाव तिकडं होतं. आता तिथं गवत हाय. सांबर चरते." पैसे मिळाले का, विचारले. म्हणाला, "भेटले. पण इकडं खाली मोह नाही, डिंक नाही, तेंदू नाही. जे लागन ते इकत घ्या लागते. पैसा किती दिवस पुरते?" मग थोडे थांबून म्हणाला, "पोट्टे शाळेत जातेत, दवाखाना जवळ हाय. ते बी खरं हाय."

मेळघाटच्या गाभ्यातून आधी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे हलवली गेली, नंतर आणखी कितीतरी. बरीचशी अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसली, म्हणजे आमच्याच शेजारी. रिकाम्या झालेल्या जागी कुरणे उगवली, सांबर आणि रानगवे आले, त्यांच्या मागे वाघ आले. जंगलासाठी हे चांगलेच झाले. पण पुनर्वसनात कबूल केलेल्या सोयी, जमीन मिळाली नाही, या तक्रारीने काही कुटुंबे जुन्या गावी परतली. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाट भागात गावकरी आणि पोलीस-वनकर्मचारी यांच्यात संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. आम्ही अकोटला बसून त्या बातम्या वाचल्या आणि पान उलटले. त्या दिवशी नळाला पाणी आले होते की नाही, एवढीच आमची चौकशी.

राखलेल्या रानाची कल्पना आपल्याला परकी नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी मदीनेभोवतीचा प्रदेश हरम ठरवला. तिथले झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही. चराईसाठी राखीव ठेवलेल्या रानाला अरबीत 'हिमा' म्हणतात. लेबनॉनमध्ये पक्षी वाचवणाऱ्यांनी २००४ पासून हीच जुनी पद्धत गावकऱ्यांच्या हाती पुन्हा दिली आहे. पण मला सर्वांत जास्त आठवते ती हजरत उमर (रजि.) यांची ताकीद, जी सहीह बुखारीत आली आहे. हिमावर नेमलेल्या माणसाला त्यांनी बजावले, की ज्याच्याकडे थोडेसे उंट, थोड्याशा शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांचे कळप मात्र येऊ देऊ नको. त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली, तर तो मुलेबाळे घेऊन दारात उभा राहील. हे दोघे मोठे सहाबी होते, तरीही नियम असा. रान राखायचे, पण त्याचा भार आधी श्रीमंताने उचलायचा, सर्वांत गरिबाने नाही.

मेळघाटच्या बाबतीत श्रीमंत कोण? आपणच. नळ आपल्या घरी आहे. दर्यापूर-अंजनगावच्या खारपाणातल्या गावांना मेळघाटच्या डोंगरातून उतरलेल्या शहानूर नदीचे पाणी मिळते. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते आणि त्याच्या काठाशी काटेपूर्णा अभयारण्य आहे. तेव्हा जंगल राखणे हे फक्त वनखात्याचे काम आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

घरटी करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. वुजू करताना नळ सोडून ठेवू नये. वाहत्या नदीवरही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो, मग मशिदीच्या हौदावर तीच विसरतो. नरनाळ्याला, चिखलदऱ्याला जाताना चूल पेटवू नये, डेक लावू नये, नेलेले सगळे परत आणावे. उन्हाळ्यात डोंगराकडे धूर दिसला तर वनखात्याला लगेच कळवावे. आणि जवळच्या पुनर्वसित गावातल्या कोरकू मुलांना शाळेत, दुकानात, दवाखान्यात माणसासारखे वागवावे. त्यांच्या हक्काचा अर्ज लिहून द्यायची वेळ आली तर आपल्यातल्या शिकलेल्यांनी लिहून द्यावा. यापुढे आमच्या शाळेची सहल जाईल, तेव्हा वाटाड्या गावचाच घ्यायचा आणि त्याच्या गावची गोष्ट मुलांना ऐकवायची, हे मी ठरवले आहे.

परत आल्यावर मुलांनी निबंध लिहिले. बहुतेकांनी तोफ आणि माकडे लिहिली. बाटली ओतणाऱ्या मुलाने मात्र लिहिले, की आमच्या नळाचे पाणी आधी पानांखाली लपते. मी त्याला दहापैकी दहा दिले. व्याकरणाच्या चुका होत्या, त्या वहीच्या कडेला दुरुस्त केल्या.

रात्री अम्मीला सगळे सांगितले. नव्या लाइनचेही सांगितले, हिवरखेडहून सोनाळ्याकडे वळणार म्हणून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मतलब धूलघाट का फेरा नहीं लगेगा अब." मी म्हटले, नाही. तिने मान हलवली. "ठीक है. खंडवा तो आएगा ना." आणि उठून तिने चहा ठेवला.

तो फाटला नाही.